तारीख सगळ्यांची, काम कोणाचं?

वकिलाच्या ऑफिसात तारखांची डायरी एकच असते आणि ती लागणारी माणसं तीन. साहेब धाराशिवला जिल्हा न्यायालयात उभे, ज्युनिअर कळंबच्या कोर्टात, कारकून नकला काढायला गेलेला, आणि डायरी टेबलावर. कळंबहून फोन येतो, ‘सर, युक्तिवादाला एकोणीस तारीख देतायत. त्या दिवशी परंड्याला काही आहे का?’ उत्तर डायरीत आहे, पण डायरीजवळ कोणीच नाही.

आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात ही अडचण फक्त वकिलांची नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक वेगवेगळ्या गावांत राहतात. दवाखान्यात डॉक्टर एक, पण अपॉइंटमेंट घेणारे दोघं. आईवडील उमरग्याला, मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत असं घर तर गल्लीगल्लीत आहे. शिवाय यंत्रंही एकसारखी नसतात. ऑफिसात जुना विंडोज संगणक, घरी लिनक्स टाकलेला लॅपटॉप, खिशात अँड्रॉइड, मुलाकडे मॅक. या सगळ्यांवर एकच कॅलेंडर आणि एकच कामांची यादी दिसावी, यासाठी काय वापरावं?

सध्या बहुतेक ठिकाणी याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे आहे. तारीख ग्रुपवर टाकली की काम झालं असं वाटतं. पण ई-पीक पाहणीची मुदत जाहीर होते, मग वाढते, पुन्हा वाढते. ग्रुपवर तिन्ही मेसेज राहतात आणि जो खाली स्क्रोल करत नाही त्याला जुनी तारीख खरी वाटते. मेसेज पिन करता येतो, तोही जास्तीत जास्त 30 दिवस. कॅलेंडरमध्ये तारीख एकाच जागी असते. ती बदलली की सगळ्यांकडे बदलते. सामायिक कॅलेंडर हवं ते एवढ्यासाठीच.

या विषयावरचे बहुतेक सल्ले अ‍ॅपच्या सोयींपासून सुरू होतात. आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तारखा वाटून घेण्याचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बऱ्यापैकी सुटलेला आहे. कामांच्या यादीचा नाही, उलट तो गेल्या काही वर्षांत मागे गेला आहे. म्हणून दोन्हींची निवड वेगवेगळ्या कसोटीने करावी लागते.

आधी तारखांची जात ओळखा

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या वर्षभराच्या तारखा तीन प्रकारच्या असतात.

पहिल्या इंग्रजी तारखेला किंवा वाराला बांधलेल्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा, आठवडी बाजार, विम्याचा हप्ता, वाढदिवस. या एकदा नोंदवून ‘दरवर्षी’ किंवा ‘दर आठवड्याला’ असं सांगितलं की कोणताही प्रोग्राम त्या जन्मभर दाखवतो.

दुसऱ्या तिथीला बांधलेल्या. तुळजापूरचं सगळं वर्ष या तारखांवर चालतं. शारदीय नवरात्राआधीची देवीची घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतरची श्रमनिद्रा, कोजागरीची गर्दी, पौषात शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेची. लॉजवाला, जीपवाला, प्रसादाचा दुकानदार, बंदोबस्ताचं नियोजन करणारा अशा सगळ्यांना या तारखा लागतात. इथे ‘दरवर्षी’ हे बटण उपयोगाचं नाही. घटस्थापना 2023 मध्ये 15 ऑक्टोबरला होती, 2024 मध्ये 3 ऑक्टोबरला, 2025 मध्ये 22 सप्टेंबरला, आणि अधिक ज्येष्ठामुळे 2026 मध्ये थेट 11 ऑक्टोबरला. इंग्रजी सोडून इतर कालगणनांसाठी कॅलेंडर प्रोग्रामांच्या सामाईक फॉरमॅटला 2015 मध्ये एक जोडनियम तयार झाला, पण त्यात भारताच्या नावाने जी दिनदर्शिका येते ती सरकारने 22 मार्च 1957 पासून स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. तिला तिथी माहीत नाही. त्यामुळे उपाय जुनाच: पाडव्याला नवीन पंचांग घ्यायचं, एका माणसाने बसून वर्षाच्या तिथ्या इंग्रजी तारखांवर उतरवायच्या आणि त्या ‘सण-यात्रा’ नावाच्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवायच्या. बाकीच्यांना ते फक्त बघता आलं तरी पुरे.

तिसऱ्या तारखा दुसऱ्याच्या हुकमाने ठरतात आणि बदलतात. कोर्टाची पुढची तारीख, योजनेची मुदत, तपासणीला येणारे अधिकारी. सामायिक कॅलेंडरची खरी परीक्षा इथे होते, कारण बदल करणाऱ्याने तो केला का आणि बाकीच्यांपर्यंत तो किती वेळात पोचला, यावर सगळं अवलंबून असतं.

सगळ्यांना कळणारी भाषा

वेगवेगळ्या कंपन्यांची कॅलेंडरं एकमेकांशी बोलतात ती आयकॅलेंडर नावाच्या फॉरमॅटमुळे. तो 1998 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2009 मध्ये सुधारला गेला. ‘आयसीएस’ शेपटीची फाइल ती हीच. आत साधा मजकूर असतो: कार्यक्रमाचं नाव, सुरुवात, शेवट, ठिकाण, पुन्हा कधी येतो त्याचा नियम. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. याच फॉरमॅटमध्ये कामाच्या नोंदीचीही सोय पहिल्यापासून आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

मराठी नोंदी करणाऱ्यांनी या फाइलची एक खोड माहीत करून घ्यावी. नियमानुसार फाइलमधली ओळ 75 बाइटपेक्षा लांब असू नये, जास्त झाली तर तोडून पुढच्या ओळीवर न्यावी. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. ‘तुळजापूर’ या एका शब्दाचे काना, उकार धरून 24 बाइट होतात. म्हणजे लांबलचक मराठी नाव दिलं की ओळ हमखास तुटते, आणि प्रोग्राम आळशीपणाने लिहिलेला असेल तर ती अक्षराच्या मधोमध तुटते. मग दुसऱ्या संगणकावर नावाच्या मध्ये प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. प्रोग्राम निवडताना चाचणी सोपी आहे: एक लांब मराठी नोंद करा, आयसीएस काढा, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. अक्षरं शाबूत राहिली तर पुढे जा.

दुसरी गफलत टायपिंगची. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्रक वर्डमधून उचलून कॅलेंडरमध्ये चिकटवलं तर तिथे अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. नोंदी युनिकोडमध्येच हव्यात. आणि जिल्ह्याचं नाव बदलल्याने एक बारीक अडचण आली आहे: जुन्या नोंदी ‘उस्मानाबाद’ नावाने असतील तर ‘धाराशिव’ शोधल्यावर त्या सापडत नाहीत. कोणतं नाव लिहायचं ते एकदा ठरवून टाकलेलं बरं.

शेअर करण्याच्या तीन पायऱ्या

‘आमचं अ‍ॅप कॅलेंडर शेअर करतं’ असं म्हटलं की त्याचे तीन अर्थ होऊ शकतात.

पहिला, आयसीएस फाइल पाठवणं. ही त्या क्षणाची प्रत. मागाहून तारीख बदलली तर समोरच्याला कळत नाही. लग्नपत्रिकेसाठी ठीक, कोर्टासाठी नाही.

दुसरा, सबस्क्राइब करणं. कॅलेंडरची एक लिंक मिळते, समोरचा प्रोग्राम ठरावीक वेळाने जाऊन नवीन प्रत आणतो. ‘सण-यात्रा’ कॅलेंडरसाठी हे उत्तम. पण गूगल कॅलेंडर अशी बाहेरची लिंक ताजी करायला बारा तासही घेऊ शकतं. सकाळी बदललेली तारीख संध्याकाळी दिसली तर उपयोग काय? शिवाय ‘गुप्त’ म्हणून दिलेली लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं. ती ग्रुपवर टाकायची नसते.

तिसरा, खरं सिंक. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं आणि बदल लगेच पोचतो. यासाठीचं खुलं मानक म्हणजे 2007 चं कॅलडॅव्ह. सर्व्हर कोणाचाही असो आणि प्रोग्राम कोणाचाही, दोघांना कॅलडॅव्ह येत असेल तर जमतं. वेगवेगळे संगणक असणाऱ्याने प्रोग्रामच्या माहितीत आधी हाच शब्द शोधावा.

कॅलेंडरचे पर्याय

गूगल कॅलेंडर एप्रिल 2006 मध्ये आलं. जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनवर खातं असतंच, म्हणून नवीन काही शिकवावं लागत नाही. ब्राउझर चालतो तिथे ते चालतं, म्हणजे लिनक्सचा प्रश्नही मिटतो. प्रत्येकाला किती हक्क द्यायचे ते ठरवता येतं: फक्त वेळ रिकामी की भरलेली एवढंच दाखवणं, तपशील दाखवणं, बदलू देणं, आणि पुढे शेअर करू देणं. वकिलाच्या ऑफिसात ज्युनिअरला बदलण्याचा हक्क आणि घरच्यांना फक्त रिकामी-भरलेली वेळ, एवढी विभागणी पुरते. गूगल कॅलडॅव्हही बोलतं. 2013 मध्ये कंपनीने ते मोजक्यांपुरतं ठेवायचं जाहीर केलं होतं, मग काही महिन्यांतच निर्णय फिरवला. खुली सोयही शेवटी मालकाच्या मर्जीवर असते, हे तेव्हा दिसलं.

मायक्रोसॉफ्टचं आउटलुक मोठ्या ऑफिसांत रुळलेलं आहे. सगळे एकाच संस्थेच्या खात्यावर असतील तर ते झकास चालतं. बाहेरच्याशी जोडायला गेलं की अडतं, कारण आउटलुकला कॅलडॅव्ह मुळातून येत नाही. जुन्या आउटलुकला एक मोफत जोडप्रोग्राम लावून काम भागायचं, नव्या आउटलुकमध्ये तशा जोडप्रोग्रामांना जागाच ठेवलेली नाही.

ॲपलचं आयक्लाउड कॅलेंडर कॅलडॅव्हवर चालतं आणि घरात सगळ्यांकडे आयफोन असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्या जिल्ह्यात असं घर शोधावं लागेल. चेन्नईच्या झोहोचं कॅलेंडरही कॅलडॅव्ह बोलतं. ई-मेल आधीच झोहोवर असलेल्या संस्थेला ते सोयीचं पडतं.

हे सर्व्हर झाले. संगणकावर बसून काम करायचं असेल तर मोझिलाच्या घराण्यातलं थंडरबर्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर सारखंच दिसतं. गूगल, आयक्लाउड, झोहो यांपैकी काहीही त्याला जोडता येतं, आणि नोंदींची प्रत संगणकावर राहते. नेट गेलं तरी आजच्या तारखा समोर असतात. अँड्रॉइडवर गूगलशिवायचं कॅलडॅव्ह खातं जोडायचं असेल तर डॅव्हएक्स-फाइव्ह हे अ‍ॅप लागतं. ते तारखा फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरात उतरवतं.

शेवटचा पर्याय स्वतःचा सर्व्हर. 2016 मध्ये सुरू झालेलं नेक्स्टक्लाउड किंवा त्याहून हलकं रॅडिकेल, दोन्ही मोफत आणि खुली. पक्षकारांची किंवा रुग्णांची माहिती परक्या कंपनीकडे नको असेल तर हा मार्ग आकर्षक वाटतो. पण घरचा सर्व्हर म्हणजे घरची म्हैस: दूध आपलं, पण वैरणपाणी एक दिवसही चुकवता येत नाही. वीज गेली की सर्व्हर गेला, आणि मोबाइल नेटवर्कच्या जोडणीला बाहेरून गाठता येईल असा पत्ता सहसा मिळत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं तर वीज-पत्त्याची चिंता मिटते, बॅकअप आणि अपडेट मात्र आपल्याच गळ्यात राहतात. ऑफिसात कोणाला यात रस असेल तरच या वाटेला जावं.

जुन्या संगणकांबद्दल एक गोष्ट. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 7 वर क्रोम 2023 पासूनच नवीन मिळत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकून थंडरबर्ड लावलं तर फक्त तारखांसाठी नवीन संगणक घ्यायची गरज पडत नाही.

कामांची यादी: इथे वाट अडते

कॅलेंडर सांगतं काय कधी आहे. यादी सांगते ते कोणी करायचं आणि झालं का. ‘19 तारखेला युक्तिवाद’ ही तारीख आहे. ‘त्याआधी खरेदीखताची नक्कल काढणे, कारकुनाने’ हे काम आहे. कामं कॅलेंडरमध्ये कोंबली की कॅलेंडर भरून जातं आणि कामं तशीच राहतात, कारण तारीख उलटली की नोंद मागे पडते, झालेलं असो वा नसो.

आयकॅलेंडरमध्ये कामाच्या नोंदीची सोय होती, तेव्हा याद्याही तशाच वाटता यायला हव्या होत्या. झालं उलटं. गूगलच्या कॅलडॅव्हमधून तारखा मिळतात, कामं मिळत नाहीत. ॲपलच्या रिमाइंडर्समधल्या याद्या पूर्वी कॅलडॅव्हवर चालत, 2019 मध्ये नव्या रूपात गेल्यावर त्या खुल्या वाटेवरून उठल्या. मायक्रोसॉफ्ट टू डू पहिल्यापासून स्वतःच्याच पद्धतीने चालतं. म्हणून एका कंपनीच्या यादीतलं काम दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये दिसणं अवघड होऊन बसलं.

मायक्रोसॉफ्ट टू डूची जन्मकथाही बोलकी आहे. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने वंडरलिस्ट नावाचं लोकप्रिय अ‍ॅप केलं होतं. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये कंपनी विकत घेतली, 2017 मध्ये टू डू आणलं आणि 6 मे 2020 ला वंडरलिस्ट बंद केलं. सनराइज नावाचं सुंदर कॅलेंडरही त्याच 2015 सालात घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी बंद झालं. मोझिलाचं सनबर्ड हे कॅलेंडर 2010 नंतर पुढे सरकलं नाही. विंडोजमधलं मेल आणि कॅलेंडर 2024 च्या अखेरीस संपलं. फुकट असो वा विकत, कोणतंही अ‍ॅप कायमचं नाही. सनबर्ड वापरणाऱ्यांच्या तारखा आयसीएसमध्ये होत्या, त्या पुढे गेल्या. याद्यांना असा खात्रीचा मार्ग नव्हता, नव्या मालकाने जेवढं नेऊ दिलं तेवढंच गेलं.

मग आज काय वापरावं? चार-पाच जणांचं ऑफिस असेल तर मायक्रोसॉफ्ट टू डू सरळ आहे. यादीची लिंक पाठवायची आणि प्रत्येक कामापुढे माणूस नेमायचा. विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोनवर अ‍ॅप मिळतं, लिनक्सवर ब्राउझरमध्ये चालतं. घरच्या किराणा-औषधाच्या यादीला गूगल कीप पुरे. यादीत घरच्यांचे ई-मेल जोडले की कोणीही खूण करू शकतं, फक्त माणूस नेमायची सोय नाही. गूगल टास्क्स एकट्याच्या कामांना चांगलं, साध्या खात्यावर यादी वाटून घेण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. 2007 पासूनचं टोडोइस्ट पुष्कळ काही करतं, पण फुकट वापराला मर्यादा आहेत. नेक्स्टक्लाउड लावलेलंच असेल तर त्यातलं टास्क्स, थंडरबर्ड आणि अँड्रॉइडवरचं टास्क्स-डॉट-ऑर्ग एकाच खुल्या यादीवर काम करतात. आयकॅलेंडरने 1998 मध्ये ठेवलेली सोय इथे आजही वापरात आहे.

वेळ कोणाच्या घड्याळाची?

परदेशी मुलं असलेल्या घरांसाठी एक मुद्दा. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, अमेरिकेचं मार्चमध्ये तासाने पुढे जातं आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतं. दर रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल ठरवला तर न्यूयॉर्कच्या लेकीला उन्हाळ्यात तो सकाळी साडेअकराला येतो, हिवाळ्यात साडेदहाला. हीच नोंद तिने तिकडच्या वेळेने केली असती तर इकडे आईवडिलांची वेळ हलली असती. म्हणून ज्याची सोय आधी बघायची त्याने नोंद करावी. उमरग्याच्या आजोबांची झोपेची वेळ महत्त्वाची असेल तर भारतीय वेळ. वाढदिवस मात्र वेळ न देता ‘दिवसभर’ असेच नोंदवावेत, नाहीतर ते तिकडे आदल्या दिवशी जाऊन बसतात.

मग निवड कशी करायची

वकिलाच्या ऑफिसाने गूगल कॅलेंडर घ्यावं, संगणकावर थंडरबर्डमध्ये जोडावं आणि कामांसाठी टू डू. तारखेच्या नावात कोर्ट आणि टप्पा लिहावा, पक्षकाराचं नाव नको. ‘कळंब, दिवाणी, युक्तिवाद’ एवढं पुरतं. बाकी खूण खटल्याला मिळणाऱ्या सीएनआर क्रमांकाची. त्या क्रमांकावर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये पुढची तारीख दिसते, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही ताडून बघता येतात. डायरी बंद करायची गरज नाही. हाताने लिहिलेली तारीख वीज गेली तरी वाचता येते.

शेतकरी कंपनीने किंवा ग्रामपंचायतीने कॅलेंडर संस्थेच्या खात्यावर काढावं, सचिवाच्या किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर नाही. बदली झाली की माणसाबरोबर सगळी तारीखवार नोंद जाते, आणि नवा माणूस कोऱ्या पाटीने सुरुवात करतो.

तुळजापूरच्या व्यापाऱ्यांनी तिथ्यांचं वेगळं कॅलेंडर करून ते सबस्क्राइब करण्यासाठी लिंकने द्यावं. तिथी वर्षभर आधी ठरलेली असते, बारा तासांचा उशीर तिथे चालतो.

घराने शक्य तेवढं कमी वापरावं. एक कॅलेंडर, कीपची एक यादी. घरातल्या सगळ्यांत कमी फोन वापरणाऱ्या माणसाला जेवढं जमेल तेवढंच ठरवायचं, नाहीतर आई पुन्हा मुलालाच फोन करून विचारणार.

या सगळ्यांना एक नियम सारखाच लागू होतो. तारखा आयसीएसमध्ये बाहेर येतील अशाच ठिकाणी ठेवा, आणि यादी कोणत्याही अ‍ॅपमध्ये असली तरी ती एका पानावर छापता येईल एवढी छोटी ठेवा. काहीही निवडा, पहिल्या आठवड्यातच एकदा सगळ्या तारखा बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यात अडचण आली तर अ‍ॅप तेव्हाच बदला, वर्षभराच्या तारखा आत गेल्यावर नाही.